घरासाठी मायक्रोवेव्ह घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुकानात मायक्रोवेव्ह लिटरवर विकतात, मेनूच्या आकड्यावर विकतात, सोबत मिळणाऱ्या फुकट भांड्यांवर तर हमखास विकतात. खोकं घरी आलं की वेगळेच प्रश्न उभे राहतात: प्लग कुठे बसतो आणि आपली भांडी आत चालतात का. म्हणून इथे मॉडेलच्या नावांपेक्षा या गोष्टींवर जास्त लिहिलं आहे. सगळ्या वेळा ८०० वॅटच्या यंत्रासाठी आहेत.

सोलो, ग्रिल आणि कन्व्हेक्शन यांत फरक काय?

सोलोमध्ये फक्त मॅग्नेट्रॉन असतो. तो २४५० मेगाहर्ट्‌झच्या लहरी सोडतो, त्या अन्नातल्या पाण्याला हलवतात आणि अन्न तापतं. आतली हवा जवळपास थंडच राहते, त्यामुळे पदार्थाला रंग येत नाही आणि साल कुरकुरीत होत नाही.

ग्रिलमध्ये याला जोडून छताला एक हीटर असतो. तो वरून भाजतो. टोस्ट, पनीर टिक्का, भरीत करण्याआधी वांग्याची साल थोडी करपवणं, एवढ्यापुरता ठीक. यात केक होत नाही, कारण खालून उष्णता नाही आणि तापमानावर ताबाही नाही.

कन्व्हेक्शनमध्ये मागच्या भिंतीआड गोल हीटर आणि पंखा असतो. गरम हवा आत फिरते, तापमान ठरवता येतं, बहुतेक मॉडेल २०० ते २२० अंशांपर्यंत जातात. म्हणजे हा भट्टी आणि मायक्रोवेव्ह एकाच पेटीत.

मग आम्ही कोणता घ्यावा?

गेल्या आठवड्यात गॅसवर काय काय गरम केलं ते आठवा. दूध, चहा, काल रात्रीची उसळ, भात, मुलांचा शाळेतून आल्यावरचा खाऊ एवढंच असेल तर सोलो पुरेसा आहे. बहुतेक घरं याच गटातली असतात, आणि तरीही त्यातली बरीच जण कन्व्हेक्शन घेऊन येतात, कारण विक्रेता सांगतो, ‘थोडेच पैसे जास्त, पण सगळं होतं.’ थोडे म्हणजे बहुधा दुप्पट. शिवाय ओट्यावरची जागा दीडपट, वजन सोळा ते वीस किलो आणि वेगळा पॉवर पॉइंट.

महिन्यातून निदान तीन-चार वेळा केक, नानकटाई, भाजलेलं चिकन असं काही होणार असेल आणि ओट्यावर दोन यंत्रं ठेवायला जागा नसेल, तर कन्व्हेक्शन घ्या. ग्रिल मॉडेल आमच्या मते मधल्या मध्ये लटकतं. त्या जास्तीच्या पैशांत सोलोबरोबर चांगली बोरोसिलिकेट (उष्णता सोसणाऱ्या काचेची) भांडी येतात, आणि ती रोज वापरली जातात.

ओटीजी घ्यावा की कन्व्हेक्शन?

बेकिंग हाच मुख्य हेतू असेल तर ओटीजी, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिल, लहरी नसलेली विजेची भट्टी. खाली-वर दोन्हीकडे रॉड असतात, २३० ते २५० अंश मिळतात, चौकोनी ट्रे मावतो, नेहमीचे अ‍ॅल्युमिनियमचे टिन बिनदिक्कत चालतात. पाव आणि पिझ्झा यांना खालून जोरदार उष्णता लागते. कन्व्हेक्शनमध्ये पिझ्झ्याचा तळ फिकटच राहतो. पण ओटीजीत दूध गरम करायला जाल तर तेवढ्यात गॅसवर दोनदा होईल.

जागा असेल तर छोटा सोलो आणि मध्यम ओटीजी ही जोडी एका कन्व्हेक्शनपेक्षा सोयीची पडते. एक बिघडला तरी दुसरा चालू राहतो.

किती लिटरचा घ्यावा?

लिटर हा आतल्या पोकळीचा आकडा आहे, आणि त्यातली वरची बरीचशी पोकळी कधीच वापरात येत नाही. मोजायची ती आत फिरणारी काचेची ताटली. २० लिटरमध्ये ती साधारण २४ ते २५ सेंटिमीटरची असते, २८ ते ३२ लिटरमध्ये साडेएकतीसच्या आसपास.

घरातलं तुमचं नेहमीचं जेवणाचं ताट २६ सेंटिमीटरचं असेल, तर २० लिटरमध्ये ते भिंतीला घासून अडकू शकतं. ताटली फिरायची थांबते, मोटर कुरकुरते आणि अन्न एकाच जागी तापत राहतं. दुकानात जाताना काचेचं किंवा चिनी मातीचं सगळ्यात मोठं भांडं मोजून घेऊन जा. कर्ण मोजा, कान असतील तर कानांसकट.

एक-दोन माणसांना १७ ते २० लिटर, चौघांना २३ ते २५. कन्व्हेक्शन घ्यायचाच असेल तर २८च्या खाली जाऊ नका. सात इंची केकचा टिन स्टँडवर ठेवल्यावर त्याच्या सगळ्या बाजूंनी हवा फिरायला जागा लागते.

खोक्यावर ८०० वॅट आणि मागच्या स्टिकरवर १२०० वॅट लिहिलंय. खरं कोणतं?

दोन्ही. ८०० वॅट अन्नाला मिळतात, १२०० भिंतीतून ओढले जातात. मधले ट्रान्सफॉर्मर, पंखा आणि मॅग्नेट्रॉनच्या उष्णतेत जातात. यंत्रांची तुलना करताना पहिला आकडा बघा, वायरिंगसाठी दुसरा. ७००च्या खालचा घेऊ नये. कोणत्याही पाककृतीतली वेळ मग कमीच पडते.

खरी पॉवर घरी तपासता येते. मोठ्या काचेच्या भांड्यात एक लिटर साधं पाणी घ्या, थर्मामीटरने तापमान बघा. यंत्र थंड असताना पूर्ण पॉवरवर बरोबर एक मिनिट लावा. भांडं काढून लगेच पाणी ढवळा आणि पुन्हा तापमान बघा. जितके अंश वाढले त्याला ७०ने गुणा, तेवढे वॅट. ८०० वॅटच्या यंत्रात पाणी ११-१२ अंशांनी वाढायला हवं. भांडंही थोडी उष्णता खातं, म्हणून १० आले तरी तक्रार करू नका. ७ आले तर करा. हाच प्रयोग घेतल्याच्या दिवशी करून आकडा मॅन्युअलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला, तर चार वर्षांनी ‘हल्ली गरमच होत नाही’ यात तथ्य किती ते कळतं.

कोणता प्लग पॉइंट लागतो?

२३० व्होल्टवर ६ अँपिअरचा साधा पॉइंट जेमतेम १३८० वॅट देतो. त्यामुळे सोलोसुद्धा कंपन्या सहसा १६ अँपिअरच्या जाड पिनांसह देतात. कन्व्हेक्शनचा हीटर आणि मायक्रोवेव्ह एकत्र चालला की ओढ २००० वॅटच्या वर सहज जाते.

पिना बसत नाहीत म्हणून कन्व्हर्टर प्लग लावून मिक्सरच्या पॉइंटवर चालवणं हा घराघरांतला उद्योग आहे. त्यात आधी पॉइंट पिवळा पडतो, मग जळकट वास येतो. इलेक्ट्रिशियनकडून बोर्डापासून वेगळी, निदान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढून घ्या आणि अर्थिंग तपासून घ्या. इंडक्शन शेगडी आणि मायक्रोवेव्ह एकाच मल्टिप्लगवर नको: १८०० आणि १४०० मिळून १४ अँपिअर होतात आणि मल्टिप्लगचे पत्रे तेवढ्यासाठी बनवलेले नसतात.

अर्थिंग नसेल तर यंत्र चालेल, पण आत करंट उतरला तर बाहेरच्या पत्र्याला हात लावताच झटका बसेल. तिसरी पिन कापू नका.

गावी व्होल्टेज कमी असतं, लाइट जाते. चालेल का?

चालेल, पण १८० व्होल्टच्या खाली साध्या यंत्राची पॉवर घसरते आणि तीच वाटी गरम व्हायला जास्त वेळ लागतो. अशा ठिकाणी स्टॅबिलायझर घ्या. मागच्या स्टिकरवरचा आकडा दीडपट करा आणि त्याच्या वरचा स्टॅबिलायझर बघा. टीव्हीचा किंवा फ्रिजचा जुना स्टॅबिलायझर जोडू नका.

घरातल्या बॅटरीच्या इन्व्हर्टरवर मायक्रोवेव्ह लावू नका. नेहमीचा ९०० व्हीएचा इन्व्हर्टर १२०० वॅट पेलत नाही.

‘इन्व्हर्टर मायक्रोवेव्ह’ म्हणजे तो लाइट गेल्यावर चालतो का?

नाही, नावातच घोळ आहे. साध्या यंत्रात ‘५० टक्के पॉवर’ म्हणजे काही सेकंद पूर्ण चालू, काही सेकंद पूर्ण बंद. कान दिलात तर घुर्र... थांब... घुर्र ऐकू येतं. इन्व्हर्टर तंत्रात पॉवर खरोखर अर्धी करून सलग सोडली जाते. फ्रीझरमधला मासा सोडवताना कडा शिजत नाहीत, दूध उतू जाण्याचं प्रमाण कमी होतं, वजनही हलकं. त्याचं सर्किट बोर्ड महाग असतं, ही दुसरी बाजू. रोज नुसतं पूर्ण पॉवरवर गरम करणाऱ्याला फरक जाणवणार नाही.

नॉब चांगले की टच बटणं?

आई-बाबांसाठी घेत असाल तर दोन नॉबवालं यंत्र, डोळे मिटून. वरचा पॉवरचा, खालचा वेळेचा. चष्मा शोधावा लागत नाही. टच पॅनेलच्या पातळ पडद्याला हळदीचे, तेलाचे हात लागून काही वर्षांत ‘स्टार्ट’चं बटण दबेनासं होतं, कारण सगळ्यात जास्त तेच दाबलं जातं. नॉबची अडचण एकच: २० सेकंद नेमके लावता येत नाहीत. दोन मिनिटांच्या पुढे फिरवून मागे आणावा लागतो.

१०१ मेनू, ३०० मेनू यांचा उपयोग होतो का?

मेनू म्हणजे आधी भरून ठेवलेली वेळ आणि पॉवर, बस. कांद्याची फोडणी तुम्हीच करायची, दर टप्प्याला यंत्र ‘बीप’ करणार आणि तुम्ही ढवळायचं. पहिल्या महिन्यात चार मेनू करून बघतात, मग ‘+३० सेकंद’ एवढंच बटण वापरात राहतं. तेच बटण मोठं आणि सोपं आहे का ते दुकानात बघा. चाइल्ड लॉकही असावं: रिकामं यंत्र मुलांनी चालू केलं तर लहरी शोषायला आत काही नसतं, त्या उलट फिरून मॅग्नेट्रॉन तापवतात.

कोणती भांडी चालतात? घरात तर सगळं स्टीलच आहे.

खरा खर्च इथे आहे, आणि यंत्राच्या किमतीत तो कोणी धरत नाही. स्टीलची वाटी आत ठेवली तर बॉम्ब फुटत नाही. पण स्टील लहरी परतवतं, त्यामुळे अन्न फक्त वरून तापतं, आणि वाटीची कड भिंतीजवळ गेली की ठिणगी उडते. अ‍ॅल्युमिनियम फॉइल, तांब्या-पितळेची भांडी, चमचा आणि सोनेरी कडेचे कप यांनाही हाच नियम. नुसत्या कन्व्हेक्शन मोडला मात्र तो लागू नाही. तिथे लहरी बंद असतात, म्हणून धातूचा टिन चालतो. मायक्रोवेव्ह आणि कन्व्हेक्शन एकत्र असलेल्या ‘कॉम्बी’त पुन्हा चालत नाही. केक करपण्याच्या आणि ठिणग्यांच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ चुकून दाबलेल्या कॉम्बीत असतं.

बोरोसिलिकेट काच सगळ्यात भरवशाची. साधी काच फ्रिजमधून थेट आत किंवा आतून थेट ओल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवली की तडकते. खाली फडकं ठेवा. साधी चिनी माती चालते. मातीचं कच्चं भांडं किंवा कुल्हड पाणी शोषून स्वतःच तापतं. मेलामाइन अजिबात नको, ते अन्नापेक्षा आधी गरम होतं.

प्लास्टिकमध्ये तळाच्या त्रिकोणात ५ हा आकडा म्हणजे पॉलिप्रॉपिलिन, ते उष्णता सोसतं. तरीही त्यात तेलाची तर्री असलेली मिसळ किंवा साखरेचा पाक गरम करू नका. तेल पाण्यासारखं शंभर अंशांवर थांबत नाही, आणि डब्याच्या आत तेलाच्या रेषेवर जे खरखरीत नारिंगी वलय उमटतं ते वितळलेल्या प्लास्टिकवरच बसलेलं असतं. श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे, हॉटेलच्या पार्सलचे पातळ डबे नकोच.

शंका असेल तर चाचणी करा. रिकामं भांडं आणि शेजारी काचेच्या कपात २०० मिली पाणी ठेवून एक मिनिट पूर्ण पॉवरवर लावा. पाणी गरम आणि भांडं थंड राहिलं तर चालेल. भांडं तापलं तर नाही. पाण्याचा कप विसरू नका, आणि धातूवर हा प्रयोग करू नका.

आपल्या रोजच्या स्वयंपाकातलं काय काय यात खरंच होतं?

सगळ्यात उत्तम होतात ते भाजलेले शेंगदाणे. एक वाटी, साधारण १५० ग्रॅम, सपाट काचेच्या भांड्यात एका थरात. दोन मिनिटं लावून ढवळा, एक मिनिट, पुन्हा ढवळा, मग अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने एक दाणा चाखत जा. दाणा किंचित मऊ असतानाच बाहेर काढा, तो आतल्या उष्णतेने पुढे भाजत राहतो आणि गार झाल्यावर कुरकुरीत होतो. आतच कुरकुरीत होण्याची वाट पाहिली तर मधून काळा निघतो, बाहेरून मात्र कळत नाही. कूट केल्यावर कडवट लागतं तेव्हा कळतं.

उडदाचा पापड ४० ते ५० सेकंद, मध्ये एकदा उलटून. एक वाटी रवा चार-पाच मिनिटं, दर मिनिटाला ढवळून. चार मध्यम बटाट्यांना काट्याने सहा-सात भोकं पाडा, दोन चमचे पाणी घालून झाका, आठ मिनिटं लावा, अर्ध्यात उलटा, मग पाच मिनिटं झाकून ठेवा. भोकं पाडली नाहीत तर फुटतात. ढोकळ्याचं पीठ २० सेंटिमीटरच्या पसरट भांड्यात पाच-सहा मिनिटांत फुलतं. लसणाच्या पाकळ्या १५ सेकंद ठेवल्या की सालं सुटतात.

गरम करताना: फ्रिजमधलं कपभर दूध सव्वा ते दीड मिनिट, कप पाऊण भरलेला असावा. शिळ्या भाताच्या वाटीवर चमचाभर पाणी शिंपडून, झाकून एक मिनिट. पोळी ओलसर रुमालात गुंडाळून १५ ते २० सेकंद. उघडी ठेवली किंवा चाळीस सेकंद दिले तर पाणी उडून जातं आणि गार झाल्यावर तिचा पापड होतो.

न होणारं: भाकरी, तळण, पोळ्या लाटून भाजणं. तेलाच्या तापमानावर आत कसलाच ताबा नसतो, म्हणून तळायचा प्रयत्न धोक्याचा आहे. तूरडाळ शिजते, पण कुकरपेक्षा जास्त वेळ घेते. अख्खं अंडं कवचासकट उकडू नका, ते फुटतं, कधी बाहेर काढल्यावर हातात.

आणखी एक. गॅसवर पातेलं मोठं घेतलं तर आच वाढवता येते. इथे मात्र एका वाटीला एक मिनिट तर चार वाट्यांना जवळपास चार. तीच ऊर्जा वाटली जाते. दहा माणसांच्या जेवणासाठी मायक्रोवेव्हवर भिस्त ठेवू नका.

भाजी कडेला उकळते आणि मध्ये थंड असते. यंत्र खराब आहे का?

सहसा नाही. आतल्या भिंतींवर आपटून लहरींचे जोराचे आणि मंद पट्टे तयार होतात. लहरीची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर, त्यामुळे दोन तापट जागांमध्ये साधारण ६ सेंटिमीटरचं अंतर पडतं. बघायचं असेल तर फिरणारी ताटली आणि तिच्या खालचं चाक काढा. एक सपाट काचेची थाळी स्थिर बसेल अशी उलट्या वाटीवर ठेवा, तीवर कच्चे उडीद पापड कडेला कडा लावून पसरा आणि २०-२५ सेकंद लावा. काही ठिकाणी पापड पांढरे फुलतात, शेजारी कच्चेच राहतात. तोच तुमच्या यंत्राचा नकाशा.

ताटली याचसाठी फिरते. तिचा मध्य मात्र जागचा हलत नाही, म्हणून वाटी मधोमध न ठेवता कडेकडे ठेवा. खोल वाटीपेक्षा पसरट भांडं, आणि निम्म्या वेळेला ढवळणं. दोन मिनिटं उभं राहू दिलं तर उष्णता आतपर्यंत मुरते. तान्ह्या बाळाचं दूध बाटलीत इथे गरम करू नका. बाटली कोमट लागते आणि आत एखादा थर चटका देईल इतका तापलेला असतो.

नुसतं पाणी उकळताना अंगावर उडालं. असं का होतं?

गुळगुळीत कपात पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही बुडबुडे न येता शांत राहू शकतं. चमचा किंवा चहाची पूड पडली की एकदम उसळतं. कपात आधीच लाकडी काडी किंवा लाकडी चमचा ठेवा, बुडबुड्यांना जागा मिळते. एकदा तापलेलं पाणी पुन्हा पुन्हा तापवू नका.

कुठे ठेवावा?

मागे आणि बाजूंना १० सेंटिमीटर, वर २० सेंटिमीटर मोकळं, हे ढोबळ माप. नेमकं मॅन्युअलमध्ये असतं. मॉड्युलर किचनवाले कपाटात ‘फिट’ बसवून देतात. मग गरम हवा कोंडून यंत्र मध्येच बंद पडतं आणि प्लायवूडचा सनमायका सुटतो. आधी यंत्र, मग कपाटाचं माप.

फ्रिजवर ठेवू नका. उंचीवरून उकळती आमटी काढताना ती चेहऱ्याच्या पातळीवर येते. दाराचा खालचा काठ छातीच्या खाली असावा. गॅसला खेटून ठेवला तर फोडणीचा तेलकट धूर जाळ्यांमधून आत जाऊन बसतो. वर टोपल्या, वर्तमानपत्रं, क्रोशाचा रुमाल नको: बऱ्याच मॉडेलची हवा वरूनच बाहेर पडते.

किरणांचा धोका आहे का?

या लहरी रेडिओलहरींच्या जातीच्या आहेत, क्ष-किरणांच्या नाहीत. अन्नात काही ‘उरत’ नाही. यंत्र बंद होताच लहरीही संपतात. दाराच्या जाळीची भोकं एक-दोन मिलिमीटरची आणि लहर १२ सेंटिमीटरची, म्हणून प्रकाश बाहेर येतो, लहर जवळपास नाही. सुरक्षेची मर्यादा यंत्रापासून ५ सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅट आहे. भारतीय मानक आयएस ३०२, भाग २, विभाग २५. मागच्या स्टिकरवर बीआयएसच्या चिन्हाजवळ ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो नसलेला ‘इम्पोर्टेड’ स्वस्त माल घेऊ नका.

आत मोबाइल ठेवून वाजतो का बघायची चाचणी फसवी आहे. मोबाइल इतक्या क्षीण सिग्नलवर चालतो की चांगल्या यंत्रातही तो वाजू शकतो. त्यापेक्षा दार बघा: बिजागरी सैल, दार तिरकं, काच तडकलेली किंवा कडेला वाळलेला भात अडकलेला असेल, तर आधी ते दुरुस्त करा.

चालू असताना वायफाय अडखळतं ते बाहेर निसटणाऱ्या क्षीण लहरींमुळे. २.४ गिगाहर्ट्‌झचं वायफाय त्याच पट्ट्यात आहे. ५ गिगाहर्ट्‌झवर जा.

वीज किती खातो?

१२०० वॅटचा सोलो रोज २० मिनिटं चालला तर ०.४ युनिट, महिन्याला १२. कन्व्हेक्शनमध्ये १८० अंशांवर पाऊण तास केक म्हणजे साधारण एक युनिट. घड्याळ चालू राहतं तेही थोडं खातं, रात्री बटण बंद केलेलं बरं. स्टार लेबल मायक्रोवेव्हना २०१९मध्ये ऐच्छिक म्हणून सुरू झालं. निवड त्यावर करण्याइतका फरक बिलात पडत नाही.

ठिणग्या उडतात, आता टाकून द्यायचा का?

लगेच बंद करा. आत उजव्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखा राखाडी चौकोन दिसेल, तो अभ्रकाचा पत्रा, मेकॅनिक ‘मायका शीट’ म्हणतात. त्यावर तूप, आमटी उडून जळते, काळा डाग कोळसा होतो आणि कोळशावर ठिणगी पेटते. हा पत्रा स्वस्त असतो, त्याच मापाचा बदलून मिळतो. तो तसाच चालवला तर मॅग्नेट्रॉन जातो आणि खर्च कित्येक पट होतो. दुसरं कारण म्हणजे आतला रंग उडून पत्रा उघडा पडणं. मेकॅनिककडून त्यासाठीचाच रंग लावून घ्या. गंज आरपार गेला असेल तर मात्र यंत्र बाद.

दिवा लागतो, ताटली फिरते, पण गरम होत नाही. घरी उघडून बघू का?

नाही. हाय-व्होल्टेज डायोड, फ्यूज किंवा मॅग्नेट्रॉन यांपैकी काहीतरी गेलेलं असतं, आणि आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही हजारो व्होल्टचा साठा राहू शकतो. टीव्ही, मिक्सर खोलणाऱ्यानेही हे खोलू नये. काहीच चालू होत नसेल तर आधी दार आपटून लावायची सवय तपासा: दाराच्या आकड्यांमागे तीन छोटे स्विच असतात, ते पुढेमागे झाले की फ्यूज उडतो. ताटलीच फिरत नसेल तर खालचं चाक धुऊन, उलटंसुलटं न करता नीट बसवा. बऱ्याचदा तेवढंच असतं.

कोकणात, गोव्यात, मुंबईत लवकर गंजतो म्हणतात.

खारी दमट हवा आणि आत साचलेली वाफ, दोन्ही मिळून पत्रा खातात. समुद्राजवळ राहत असाल तर रंगवलेल्या पोकळीऐवजी स्टेनलेस स्टीलची किंवा सिरॅमिक मुलाम्याची पोकळी घ्या. वापरून झाल्यावर कोरड्या फडक्याने छत आणि दाराची कड पुसा, दार दहा मिनिटं उघडं ठेवा.

झुरळं हा दुसरा त्रास. मागच्या जाळीतून उबेला आत जातात, सर्किट बोर्डावर वसती करतात. जाळीला चिकटपट्टी लावायचा मोह होतो, पण हवा कोंडते. भोवती जेल लावा, फवारा आत मारू नका.

वास आणि हळदीचे डाग कसे काढावे?

कपभर पाण्यात अर्धं लिंबू पिळून, सालासकट, चार मिनिटं लावा. दार पाच मिनिटं बंदच ठेवा, मग मऊ फडक्याने पुसा. तारेची घासणी लावली की रंग निघतो, आणि मग वरचा ठिणग्यांचा प्रश्न पुन्हा वाचावा लागतो.

अमेरिकेतून परतताना तिथला मायक्रोवेव्ह आणावा का?

नको. तिथे १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झ. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट जमतात, हर्ट्‌झ ५०च राहतात आणि आतला ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो. दुबई किंवा ब्रिटनमधल्या यंत्राचा वीजपुरवठा आपल्याशी जुळतो, प्लग बदलून चालतं. पण वॉरंटी आणि सुटे भाग इथे मिळतील असं धरू नका.

वॉरंटी आणि पहिला दिवस: काय बघावं?

‘मॅग्नेट्रॉनवर पाच वर्षं’ म्हणजे फक्त त्या एका भागावर. पूर्ण यंत्रावर बहुधा एकच वर्ष असतं. मेकॅनिकची फेरी, मजुरी, काचेची ताटली, बल्ब हे सहसा धरत नाहीत. सर्व्हिस सेंटर तुमच्या तालुक्यात आहे की जिल्ह्याच्या ठिकाणी, हे घेण्याआधी विचारा. वीस किलोचं यंत्र एसटीने न्यायची वेळ येऊ नये.

खोकं उघडल्यावर अभ्रकाचा पत्रा ओढून काढू नका, तो पॅकिंग नाही. दार दोन-चार वेळा उघडून ते सरळ बसतं का बघा, ताटली भांड्यासकट पूर्ण फेरा घेते का बघा, एक लिटर पाण्याची चाचणी करा. कन्व्हेक्शन असेल तर भांडं न ठेवता, फक्त कन्व्हेक्शन मोडवर २०० अंशांला पंधरा मिनिटं चालवा, खिडकी उघडी ठेवून. हीटरवरचं कारखान्यातलं तेल जळतं, धूर आणि वास येतो. तो पहिल्या केकला लागण्यापेक्षा रिकाम्या भट्टीत गेलेला बरा.